डस्ट एक्स्ट्रॅक्टरची सैल झालेली रबरी पट्टी: कारण शोधण्यापासून नवी पट्टी बसवण्यापर्यंत

लाकूडकामाच्या कारखान्यात सँडर, राउटर किंवा हातकरवतीला जोडला जाणारा डस्ट एक्स्ट्रॅक्टर साधारणपणे दोन भागांचा असतो: खाली धूळ साठवणारा ड्रम आणि वर मोटर, पंखा व फिल्टर धरून ठेवणारे झाकण. या दोन भागांच्या सांध्यावर रबराची एक पट्टी गोल फिरवलेली असते. काही काळाच्या वापरानंतर ही पट्टी खाचेतून बाहेर येऊ लागते, झाकण उचलले की लोंबते आणि झाकण बसवताना दुमडून मध्येच चिमटली जाते. अशा वेळी बहुतेक ठिकाणी हाताशी असेल तो गोंद लावून पट्टी दाबून टाकली जाते. हा उपाय क्वचितच टिकतो, कारण पट्टी सैल होण्याचे मूळ बहुधा गोंदात नसतेच. खाचेच्या तळाशी घट्ट बसलेली धूळ, उन्हाने लंबगोल झालेला ड्रम, झाकण ड्रमला आवळून धरणारी पण वाकलेली कडी किंवा सतत दाबाखाली राहून चपटे झालेले रबर, यांपैकी काहीतरी कारणीभूत असते, आणि ते दूर केल्याशिवाय कितीही चांगला गोंद लावला तरी पट्टी पुन्हा सुटते. म्हणून या लेखात कारण शोधण्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे आणि चिकटवण्याचे काम शेवटाकडे ठेवले आहे.

गळती कोणत्या सांध्यात आहे, हे आधी ठरवावे

डस्ट एक्स्ट्रॅक्टरमध्ये रबराचे सील एकाच जागी नसते आणि प्रत्येक जागेच्या गळतीचा परिणाम वेगळा असतो. ड्रम आणि झाकण यांच्यामधील सील सैल असेल, तर यंत्र चालू असताना तेथून धूळ बाहेर येत नाही; ड्रमच्या आत हवेचा दाब कमी असल्यामुळे उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. मात्र तेवढी हवा पाइपमधून येत नाही, त्यामुळे सँडरच्या तोंडाशी ओढ कमी पडते आणि जी धूळ ड्रममध्ये जायला हवी ती कारागिराच्या नाकासमोर तरंगत राहते. हा तोटा किती होतो, याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. ३६ मिलिमीटर व्यासाच्या पाइपचे छेदक्षेत्र सुमारे १० चौरस सेंटिमीटर असते. सांध्यावर केवळ १ मिलिमीटरची फट १० सेंटिमीटर लांबीपर्यंत राहिली, तर तिचे क्षेत्र १ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे पाइपच्या तोंडाच्या जवळजवळ दहाव्या हिश्शाइतके नवे भोक यंत्राला पडलेले असते.

फिल्टर आणि मोटरचा कप्पा यांच्यामधील सील सैल असेल, तर गोष्ट अधिक गंभीर होते. तेथून धुळीने भरलेली हवा फिल्टरला वळसा घालून थेट पंख्यात जाते आणि यंत्राच्या मागील जाळीतून कारखान्यात परत येते. जाड भुसा ड्रममध्येच पडतो, त्यामुळे वरवर पाहता यंत्र उत्तम चालले आहे असे वाटते. बाहेर पडते ती डोळ्यांना सहज न दिसणारी बारीक धूळ, आणि फुप्फुसात खोलवर जाते ती हीच. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले आहे, त्यामुळे हा सांधा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. यंत्रावर ‘एम’ वर्गाची (मध्यम धोक्याच्या धुळीसाठीची) खूण असेल, तर युरोपीय मानकानुसार त्यातून ०.१ टक्क्यापेक्षा जास्त धूळ आरपार जाता कामा नये. फिल्टरच्या सांध्यातील केसाएवढी फटसुद्धा हा हिशेब मोडून टाकू शकते.

तिसरा प्रकार कापडी पिशवीच्या एक्स्ट्रॅक्टरचा. त्यात पंखा आधी असतो आणि पिशव्या नंतर, म्हणजे पिशवीच्या बाजूला हवा बाहेरच्या दिशेने ढकललेली असते. पिशवीच्या कड्यावरची स्पंजपट्टी सैल झाली, तर धूळ सरळ बाहेर फेकली जाते आणि जमिनीवर त्या बाजूला पंख्यासारखा पसरलेला पांढुरका पट्टा दिसतो. चक्रवाती विभाजक, म्हणजे हवा गोल फिरवून भुसा आधीच खाली पाडणारा सायक्लोन, वापरणाऱ्यांनी त्याच्या खालच्या बादलीच्या झाकणाकडे विशेष लक्ष द्यावे. तेथे थोडीशी हवा आत शिरली, तरी खाली बसलेला भुसा पुन्हा वर उचलला जातो आणि विभाजकाचा उपयोगच संपतो.

पुढील सविस्तर कृती ड्रम आणि झाकण यांच्या सांध्यासाठी आहे, कारण सर्वाधिक तक्रारी तिथल्याच असतात. उरलेल्या सांध्यांसाठी काय बदलते, ते नंतर सांगितले आहे.

काम सुरू करण्यापूर्वी

केवळ बटण बंद करून भागत नाही. पिन सॉकेटमधून काढून ती आपल्या नजरेसमोर राहील अशी ठेवावी. ज्या यंत्रात सँडर सुरू होताच एक्स्ट्रॅक्टर आपोआप सुरू होण्याची सोय असते, त्यात ही काळजी दुप्पट महत्त्वाची आहे. ड्रम रिकामा करावा, पण उघड्यावर उलटा करून नव्हे. आतली पिशवी बांधूनच बाहेर काढावी. या संपूर्ण कामात एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा मुखवटा लावावा. रुमाल बांधून बारीक धूळ थांबत नाही.

कॉम्प्रेसरच्या हवेने खाच फुंकून काढण्याची सवय आपल्याकडे फार रुळलेली आहे आणि ती मोडली पाहिजे. त्या हवेने धूळ नाहीशी होत नाही, फक्त जागा बदलते, आणि खाचेच्या कोपऱ्यात आणखी खोलवर ठासली जाते. दुसरा व्हॅक्यूम क्लीनर मिळत असेल तर तो वापरावा, नाहीतर ओलसर फडके पुरेसे आहे.

सामान फार लागत नाही: बांबूची चपटी काडी, मऊ ब्रश, सुती फडकी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, साधा पांढरा किंवा रंगीत खडू, मेजरटेप, शक्य असल्यास व्हर्नियर कॅलिपर, नवे पाते लावलेला कटर, टॉर्च आणि शंखजिऱ्याची पूड.

खडूची परीक्षा

गळती नेमकी कोठे आहे हे न पाहता पट्टी बदलणे म्हणजे अंदाजपंचे काम. खडूची परीक्षा काही मिनिटांत होते आणि तिच्याइतकी स्पष्ट माहिती दुसरी कोणतीच पद्धत देत नाही.

प्रथम पट्टी आणि ड्रमची कड कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी. मग ड्रमच्या कडेवर, जेथे रबर टेकते तेथे, खडू सर्व बाजूंनी सारख्या जाडीचा थर बसेपर्यंत फिरवावा. काळ्या रबरासाठी पांढरा खडू उत्तम. पट्टी राखाडी किंवा पांढरी असेल तर निळा किंवा लाल घ्यावा. पट्टी तिच्या जागी हाताने नीट बसवून झाकण सरळ खाली ठेवावे, फिरवू नये, आणि सर्व कड्या नेहमीप्रमाणे लावाव्यात. अर्धा मिनिट थांबून झाकण सरळ वर उचलावे व उलटे करून उजेडात पाहावे.

रबरावर खडूची जी रेघ उमटलेली असते, ती सगळी हकिगत सांगते. रेघ सगळीकडे सारख्या रुंदीची आणि सलग असेल, तर सांधा ठीक आहे आणि ओढ कमी होण्याचे कारण फिल्टर चोंदणे, पाइप फाटणे किंवा आत येणारे तोंड सैल होणे यांत शोधावे. रेघ एका ठिकाणी तुटलेली असेल आणि ती जागा दोन कड्यांच्या मधोमध असेल, तर झाकणाची कड तेथे उचलली गेली आहे किंवा पट्टी त्या जागी चपटी झाली आहे. समोरासमोरच्या दोन जागी रेघ अस्पष्ट आणि उरलेल्या दोन जागी जाड असेल, तर ड्रम लंबगोल झाला आहे. एका कडीजवळच रेघ फिकी असेल, तर दोष त्या कडीचा. रेघ सगळीकडेच फिकी आणि बारीक असेल, तर रबराची उंची कमी झाली आहे आणि पट्टी बदलण्याला पर्याय नाही.

शंका उरल्यास टॉर्चची मदत घ्यावी. टॉर्च चालू करून ड्रममध्ये उभी ठेवावी, झाकण लावावे आणि दिवे बंद करून सांध्याभोवती फिरून पाहावे. जेथे उजेडाची बारीक रेघ बाहेर येते, तेथे हवाही आत येते. उदबत्तीचा धूर धरून गळती शोधण्याचा सल्ला कधीकधी दिला जातो. भुसा आणि बारीक धूळ असलेल्या जागी तो कटाक्षाने टाळावा, कारण निखाऱ्याचा एक कण आत ओढला गेला तरी ड्रममधला भुसा आतल्या आत धुमसत राहू शकतो.

खाच, ड्रम आणि कड्या

पट्टी एका टोकापासून हळूहळू, न ताणता, बाहेर काढावी. ती कोणत्या बाजूने बसली होती, हे काढण्याआधीच खडूने खूण करून ठेवावे. बऱ्याच पट्ट्यांना एक ओठ असतो आणि तो आत असावा की बाहेर, हे नंतर आठवत नाही.

खाच उघडी पडली की बहुतेक वेळा कारण समोर येते. प्लायवूड आणि एमडीएफची पिठासारखी धूळ दमट हवेत ओलावा शोषून घेते, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यानंतर तिचा खाचेच्या तळाशी कडक, तपकिरी थर झालेला आढळतो. हा थर १ मिलिमीटर जाडीचा जरी झाला, तरी ४ मिलिमीटर खोलीच्या खाचेत पट्टीला धरून ठेवणारी पकड चौथ्या हिश्शाने कमी होते. हा थर बांबूच्या काडीने खरवडून काढावा. स्क्रूड्रायव्हर वापरू नये, कारण त्याने प्लास्टिकवर पडलेला ओरखडा हीच पुढे गळतीची वाट होते. खरवडून झाल्यावर ओलसर फडक्याने आणि शेवटी अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसून खाच पूर्ण वाळू द्यावी. थिनर, पेट्रोल किंवा रॉकेल येथे चालत नाही. त्याने रबर फुगते आणि एबीएससारख्या प्लास्टिकला तडे जातात. केवळ एवढी सफाई करून तीच पट्टी परत बसवली आणि सैलपणा गेला, असे पुष्कळदा घडते.

खाचेची भिंत कोठे तुटलेली असल्यास पत्र्याच्या झाकणावर एम-सीलसारख्या इपॉक्सी लांबीने ती पुन्हा उभी करता येते आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून आकारात आणता येते. पॉलिप्रॉपिलीनच्या झाकणावर मात्र इपॉक्सी धरत नाही.

ड्रमचा गोलपणा मेजरटेपने तपासावा. तोंडाचा व्यास एकदा उभा आणि एकदा त्याला काटकोनात आडवा मोजावा. दोन्हींत ३ ते ४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर सैल पट्टी हे केवळ लक्षण आहे. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात झाकणाशिवाय पडून राहिलेला किंवा वर सामान रचून ठेवलेला प्लास्टिकचा ड्रम असा लंबगोल होतो. गरम पाण्यात भिजवलेली फडकी लांबट झालेल्या व्यासाच्या दोन टोकांवर काही वेळ गुंडाळून, त्याच दोन टोकांना पट्ट्याने हलकेच आवळून ड्रम रात्रभर ठेवला, तर थोडा फरक पडतो. पत्र्याच्या ड्रमची दबलेली कड आतून लाकडाचा ठोकळा धरून बाहेरून रबरी हातोडीने हलके ठोके देत सरळ करता येते.

कड्यांची परीक्षा सोपी आहे. प्रत्येक कडी लावताना हाताला लागणारा जोर सारखा असला पाहिजे. एखादी कडी बोटाने सहज पडत असेल, तर तिचा आकडा उघडला गेला आहे. तो पक्कडीने किंचित आत वळवावा. यंत्र कड्यांना धरून उचलण्याची सवय असेल, तर हा दोष पुन्हा पुन्हा येतो. येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. ३६ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर आत २० किलोपास्कलची ओढ निर्माण झाली, तर बाहेरची हवा ते झाकण सुमारे २०० किलो वजनाइतक्या जोराने खाली दाबते. म्हणजे पाइप बंद असताना सांधा आपोआप घट्ट होतो आणि गळती सापडत नाही; पाइप मोकळा असताना आत ओढ कमी असते, दाब कड्यांवरच अवलंबून राहतो आणि गळती तेव्हाच जास्त असते. तळहाताने पाइपचे तोंड झाकून ‘ओढ चांगली आहे’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच फसवे आहे.

जुने रबर राखावे की बदलावे

काढलेली पट्टी धुऊन, वाळवून बोटांत घेऊन पाहावी. तिला वाकवल्यावर बाहेरच्या वळणावर केसासारख्या बारीक भेगा दिसत असतील, तर रबर म्हातारे झाले आहे. कार्बन ब्रशच्या मोटरीत ठिणग्या पडतात, त्यांतून थोडा ओझोन तयार होतो आणि नैसर्गिक व नायट्राइल रबराला त्याने भेगा पडतात. ऊनही तेच काम करते. भेगा पडलेली पट्टी पुन्हा बसवू नये.

भेगा नसतील, पण पट्टी एका बाजूने चपटी झाली असेल, तर सुमारे ६० अंश तापमानाच्या पाण्यात १० मिनिटे ठेवून पाहावी. तिची उंची काहीशी परत येते. दोन्ही बाजूंनी सारखी असलेली पट्टी उलटी करून, आतापर्यंत खाचेत असलेली बाजू वर आणून वापरता येते. हे तात्पुरते उपाय आहेत, पण नवा सुटा भाग येईपर्यंत त्यांनी काम भागते.

यंत्राच्या कंपनीचे मूळ सील मिळत असेल, तर माझ्या मते तेच घ्यावे, विशेषतः ‘एम’ किंवा ‘एच’ (जास्त धोक्याच्या धुळीसाठीच्या) वर्गाच्या यंत्रासाठी. काँक्रीट, टाइल किंवा दगड कापताना वापरल्या जाणाऱ्या यंत्रात सिलिकाची धूळ असते आणि तेथे घरगुती जुळवाजुळव करण्याचा धोका पत्करू नये. साध्या लाकूडकामाच्या यंत्राला मात्र बाजारातील मीटरवर मिळणारी पट्टी पूर्ण समाधानकारक काम देते, फक्त निवड नीट हवी.

नवी पट्टी निवडताना

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर, पुण्यात बोहरी आळीत आणि बहुतेक औद्योगिक वसाहतींजवळच्या गॅस्केटच्या दुकानांत अशा पट्ट्या मीटरवर मिळतात. जुन्या पट्टीचा बोटभर तुकडा आणि खाचेची रुंदी व खोली लिहिलेला कागद सोबत न्यावा. नुसते ‘व्हॅक्यूमचे रबर द्या’ म्हटले, तर काचेच्या दाराची पट्टी हातात पडण्याची शक्यता जास्त.

साहित्यात ईपीडीएम हे कृत्रिम रबर पहिल्या पसंतीचे मानावे, कारण ऊन आणि ओझोन ते उत्तम सोसते. तेलाशी मात्र त्याचे जमत नाही. धातूकामाच्या ठिकाणी तेलकट धूळ असेल, तर नायट्राइल घ्यावे. निओप्रीन या दोहोंच्या मधले आहे आणि सहज मिळते. स्पंजाची पट्टी घेताना ती बंद छिद्रांची असावी. याची परीक्षा दुकानातच होते: तुकडा पाण्यात दाबून सोडावा, तो पाणी पिऊन जड झाला, तर छिद्रे उघडी आहेत आणि त्यातून बारीक धूळही जाईल.

कडकपणाबद्दल एक चूक नेहमी होते. जाड, टणक रबर टिकाऊ असते म्हणून घेतले जाते, पण एक्स्ट्रॅक्टरच्या कड्यांत ते दाबण्याइतका जोर नसतो. परिणामी झाकण वरच तरंगते. भरीव रबर घ्यायचे असेल तर ते ४० ते ५० शोअर ए कडकपणाचे, म्हणजे नखाने सहज दबणारे असावे. झाकण बंद केल्यावर भरीव रबराची उंची साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाने आणि स्पंजाची तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत कमी व्हावी. उदाहरणार्थ, खाच ४ मिलिमीटर खोल असेल आणि झाकण बंद झाल्यावर खाचेचा तळ व ड्रमची कड यांत ६ मिलिमीटर अंतर राहत असेल, तर ८ मिलिमीटर उंचीची भरीव पट्टी किंवा १० मिलिमीटरची स्पंजपट्टी योग्य ठरते. हे अंतर मोजण्यासाठी पट्टी नसलेल्या खाचेत तीन-चार ठिकाणी मळलेल्या कणकेच्या किंवा मुलांच्या क्लेच्या गोळ्या ठेवून, झाकण लावून, उघडून त्यांची जाडी मोजावी.

मोजणे, कापणे, बसवणे

खाचेच्या मध्यरेषेवरचा व्यास मोजून त्याला ३.१४ ने गुणावे. ३६ सेंटिमीटर व्यासाला ११३ सेंटिमीटर लांबी येते. तीत सुमारे १ टक्का, म्हणजे १ सेंटिमीटरहून थोडी जास्त लांबी मिळवावी. ही वाढ अनावश्यक वाटते, पण पट्टी टिकण्याचे अर्धे रहस्य तीत आहे. ताणून बसवलेले रबर पुढे आखडते, सांध्याशी फट पडते आणि वळणावर ते खाचेतून आतल्या बाजूला ओढले जाते. किंचित लांब असलेली पट्टी मात्र खाचेच्या बाहेरच्या भिंतीला दाबून राहते.

मीटरवर आणलेली पट्टी गुंडाळी सोडून एक रात्र सपाट जागी मोकळी ठेवावी. टोके ४५ अंशांत तिरकी कापावीत, दोन्ही एकाच दिशेने, म्हणजे ती एकमेकांवर टेकून बसतात. पाते नवे असावे आणि काप एका झटक्यात घ्यावा. करवतीसारखे मागे-पुढे केल्यास काठ खडबडीत होतात. टोके अल्कोहोलने पुसून फेव्हिक्विकच्या जातीच्या गोंदाचा एकच थेंब लावून, दोन्ही टोके एका रेषेत धरून अर्धा मिनिट दाबावीत. थेंब जास्त झाला तर सांधा टणक होतो आणि नेमका तेथेच उंचवटा राहतो.

आता बसवणे. सांधा एका कडीच्या जवळ येईल असे पाहावे, कारण दाब तेथे सर्वांत चांगला असतो. प्रथम तेथे, मग बरोबर समोर, मग उरलेल्या दोन दिशांना अशा चार जागी पट्टी अंगठ्याने खाचेत दाबावी. त्यानंतर प्रत्येक दोन जागांच्या मधोमध दाबावे आणि असेच निम्मे-निम्मे करत जावे. एका टोकापासून सुरू करून गोल फिरत गेल्यास नकळत रबर ताणले जाते आणि शेवटी फुगवटा उरतो. खाच घट्ट असेल तर साबणाचे पाणी लावावे. तेल, ग्रीस किंवा व्हॅसलिन लावू नये. ईपीडीएम आणि नैसर्गिक रबर त्याने फुगते, शिवाय त्यावर धूळ चिकटून थर बसतो. साबणाचे पाणी पूर्ण वाळल्यावर रबराच्या टेकणाऱ्या बाजूवर शंखजिऱ्याची पूड चिमूटभर बोटाने फिरवावी, म्हणजे झाकण उघडताना पट्टी ड्रमला चिकटून बाहेर ओढली जात नाही.

यंत्र स्थिरविद्युतरोधक प्रकारचे असेल आणि सांध्याजवळ धातूची पट्टी किंवा तार असेल, तर ती पूर्वीप्रमाणेच टेकते आहे याची खात्री करावी.

गोंद लावावाच लागला तर

काही यंत्रांत खाच नसते. पट्टी सपाट पृष्ठभागावर चिकटवलेली असते. तेथे गोंद आवश्यकच आहे. पट्टी झाकणालाच चिकटवावी, ड्रमच्या कडेला नाही, कारण ड्रम रिकामा करताना कडेवर भुसा घासला जातो.

गोंद निवडण्यापूर्वी झाकणाचे प्लास्टिक ओळखावे. आतल्या बाजूला बाणांच्या त्रिकोणात ५ हा आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, २ असेल तर पॉलिथिलीन. या दोहोंवर सामान्य गोंद मुळीच धरत नाहीत. तेथे मागे चांगला चिकटपट्टा असलेली स्पंजपट्टी किंवा काठावर चढणारी यू आकाराची पट्टी हाच मार्ग. एबीएस किंवा पत्रा असेल, तर फेव्हिकॉल एसआर ९९८ सारखा सिंथेटिक रबराचा गोंद उत्तम, परंतु एबीएसवर आधी लपलेल्या जागी थेंब टाकून प्लास्टिक मऊ पडते का ते पाहावे. सिलिकॉन रबराची पट्टी असेल तर तिला सिलिकॉनशिवाय काहीही चिकटत नाही.

हा गोंद दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, साधारण १० ते १५ मिनिटे, थांबावे आणि मगच पट्टी टेकवावी. एकदा टेकली की ती सरकत नाही, म्हणून चार जागांच्या खुणा आधीच कराव्यात. पावसाळ्यात द्रावक उडताना पृष्ठभाग गार होऊन त्यावर दव धरते, गोंद पांढुरका दिसतो आणि पकड कमकुवत होते. अशा दिवशी कोरड्या खोलीत काम करावे. काम झाल्यावर झाकण उघडे ठेवावे आणि २४ तास यंत्र सुरू करू नये. या गोंदाची वाफ ज्वालाग्राही असते, ती ड्रममध्ये साठून ठिणग्या पडणाऱ्या मोटरीतून ओढली गेली तर आगीचा खरा धोका असतो. या मुदतीत कोणीही घाई करू नये आणि यंत्रावर तशी चिठ्ठी लावून ठेवावी.

नळीतून येणाऱ्या सिलिकॉनने जागेवरच सील तयार करण्याची पद्धतही आहे. ड्रमच्या कडेवर स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ फिल्म ताणून, झाकणाच्या खाचेत सिलिकॉनची सलग धार सोडून, ३ मिलिमीटरचे ठोकळे मध्ये ठेवून झाकण हलके टेकवायचे आणि दोन दिवसांनी उघडून काठ कापायचे. वाकड्या ड्रमशी असे सील अचूक जुळते. सिलिकॉन आंबट वासाचे नसावे, कारण त्यातील अ‍ॅसिडने पत्रा गंजतो. तरीही ज्या कारखान्यात मेलामाइन किंवा पीयू पॉलिश होते, तेथे मी ही पद्धत सुचवणार नाही. सिलिकॉनचा अंश हाताला, फडक्याला लागून लाकडावर पोहोचला, तर पॉलिश त्या जागी फाटते आणि गोल खड्डे पडतात. ते पूर्ण घासून पुन्हा करण्याखेरीज इलाज उरत नाही.

फिल्टरचे सील आणि पिशवीचे कडे

घडीच्या फिल्टरच्या टोकाला असलेले मऊ रबरी कडे सुटे मिळत नाही. ते चपटे झाले असेल तर फिल्टरच बदलावा. तो बसवण्यापूर्वी टेकण्याची जागा पुसून काढावी, कारण तिथला एक लाकडी कण पूर्ण कडे उचलून धरतो. नट हाताने, कडे सुमारे तिसऱ्या हिश्शाने दबेपर्यंतच आवळावा. पक्कड लावून आवळल्यास कडे बाहेर फाकते. बाजारातील पर्यायी फिल्टरची उंची मूळ फिल्टरपेक्षा २-३ मिलिमीटर कमी असेल, तर नट आवळूनही सील टेकत नाही, म्हणून दोन्ही शेजारी उभे करून मोजावेत. पिशवीच्या कड्यावर मात्र काम सोपे आहे: जुनी स्पंजपट्टी खरवडून, १० ते १२ मिलिमीटर जाडीची चिकटपट्टा असलेली नवी लावावी आणि पिशवीचा पट्टा शिवणीपासून दूर आवळावा.

शेवटची तपासणी

खडूची परीक्षा पुन्हा करावी. या वेळी रेघ सलग आलीच पाहिजे. खडू पुसून यंत्र सुरू करावे, पाइप मोकळा ठेवावा आणि टिश्यू पेपरची बारीक पट्टी काडीला लावून सांध्याभोवती सावकाश फिरवावी. ती कोठेही आत वळता कामा नये. फिल्टरच्या सांध्यासाठी मोटरच्या बाजूचा कप्पा पांढऱ्या फडक्याने स्वच्छ पुसून, अर्धा दिवस काम करून, पुन्हा नव्या फडक्याने पुसावे. फडक्यावर धूळ आली आणि ती एकाच बाजूला असेल तर सील त्या बाजूला टेकत नाही; सगळीकडे सारखी असेल तर फिल्टरचा कागदच फाटला आहे.

नवे रबर पहिल्या काही दिवसांत थोडे बसते, म्हणून आठवड्याने कड्यांचा जोर पुन्हा पाहावा आणि लागल्यास आकडे किंचित वळवावेत. यंत्र महिनाभर बंद राहणार असेल, उदाहरणार्थ कारागीर गणपतीला किंवा लग्नसराईत गावी जातात तेव्हा, ड्रम रिकामा करून कड्या उघड्या ठेवाव्यात, म्हणजे रबर दाबाखाली चपटे होत नाही. पुन्हा सुरू करण्यापूर्वी खाच एकदा ओलसर फडक्याने पुसून, वाळवून, मगच कड्या लावाव्यात.